केंद्र ०२, खोली ०५

रविवारी सकाळी साडेदहाची घंटा झाली तेव्हा उर्दू माध्यमाच्या ८७ मुलांपैकी ५८ मुलं चुकीच्या गावात होती. त्यांच्या हॉलतिकिटावर नाव बरोबर होतं, तारीख बरोबर होती, वेळही बरोबर होती. एका ओळीत चार आकडे होते, त्यांची जागा फिरली होती.

परीक्षा खासगी शिष्यवृत्तीची. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत मिळून ९ केंद्रं, २,३४० विद्यार्थी. घेणाऱ्या संस्थेचं नाव इथे देत नाही, माणसांचीही नाहीत. वेळा सर्व्हरच्या लॉगमधून आणि फोनवरच्या मेसेजमधून घेतल्या आहेत.

बुधवार, दुपारी ४:१५
९० तास १५ मिनिटं बाकी

जुन्नरमधल्या एका उर्दू शाळेच्या स्टाफरूममध्ये बाई लाल पेन घेऊन तीन हॉलतिकिटं तपासतायत. नमुन्याची आहेत. कालच येडगावहून मेलवर आली.

हॉलतिकिटाची वेबसाइट चालवणारा मुलगा येडगावचा. पुण्यातल्या कंपनीची नोकरी घरून करतो, संस्थेचं काम संध्याकाळी. घर कुकडीच्या धरणाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. मराठी आणि इंग्रजी हॉलतिकिटं गेली दोन वर्षं तोच काढतोय. उर्दू यंदा पहिल्यांदा.

सोमवारी त्याने जुनीच पीडीएफ लायब्ररी वापरून पाहिली होती. नावं बाहेर पडली ती सुटी सुटी आणि उलटी. उर्दूतलं अक्षर शेजार पाहून रूप बदलतं. शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं, एकटं असेल तर चौथं. ते जुळवण्याची सोय त्या लायब्ररीत नव्हती, आणि ओळही तिने डावीकडून मांडली होती. बाईंनी फोटो पाहून कळवलं, यातलं एकही नाव वाचता येत नाही.

हा बिघाड ढळढळीत होता, म्हणून तो एका दिवसात गेला. मंगळवारी त्याने मार्ग बदलला. हॉलतिकीट आधी वेबपान म्हणून तयार करायचं, पानाची दिशा उजवीकडून डावीकडे ठेवायची आणि सर्व्हरवर पडद्याशिवाय चालणाऱ्या ब्राउझरकडून त्याची पीडीएफ काढून घ्यायची. अक्षरं जोडण्याचं आणि दिशा सांभाळण्याचं काम ब्राउझरला येतं. फॉन्ट घेतला नोटो नस्तालीक उर्दू. हा मार्ग बरोबर होता. आज कोणीही जाणकार हाच सांगेल.

बाईंचं लाल पेन दोन ठिकाणी थांबतं. एका नावाच्या शेवटी उर्दू ‘ये’च्या जागी अरबी ‘ये’ आलाय, खाली दोन टिंबं घेऊन. फोनच्या कीबोर्डवरून नावं भरली की हे होतं. एका आडनावात नून-गुन्ना हवा तिथे साधा नून आहे. केंद्राच्या ओळीवर त्या बरोबरची खूण करतात. त्या ओळीत उजव्या चौकटीत ‘मरकज़’, डाव्या चौकटीत ०२-०५, खाली शाळेचं नाव. म्हणजे केंद्र क्रमांक ०२, खोली क्रमांक ०५. आकडे इंग्रजी.

बुधवारी ती ओळ बरोबर होती.

गुरुवार, सकाळी ११:३०
७१ तास बाकी

दुरुस्त केलेले नमुने बाईंना जातात. उत्तर येतं, ‘आता ठीक आहे.’ यानंतर त्यांच्याकडे तपासायला काही गेलं नाही.

शुक्रवार, संध्याकाळी ६:४०
३९ तास ५० मिनिटं बाकी

नारायणगावात विश्वस्तांची बैठक. टेबलावर दोन हॉलतिकिटं आहेत. मराठीचं एक पान, उर्दूची दोन.

कारण फॉन्टमध्ये आहे. नस्तालीकमध्ये शब्द सपाट रेषेवर बसत नाही. उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. त्यामुळे त्याच मजकुराला मराठीच्या जवळजवळ दुप्पट उंची लागते. शेवटच्या दोन सूचना आणि सहीची जागा दुसऱ्या पानावर गेली होती.

खजिनदार म्हणतात, सायबरवाला पानाचे पैसे घेतो. सचिव म्हणतात, पोरं दुसरं पान घरी विसरतील आणि सही त्याच पानावर आहे. दोन्ही म्हणणी रास्त. ठराव एका वाक्याचा, ‘उर्दू हॉलतिकीट एका पानात बसवावे.’ ६:५२ ला सचिव येडगावला फोन करतात. शनिवारी सकाळी ७ ला लिंक जायला हव्यात, असंही सांगतात.

शुक्रवार, रात्री ९:०५
३७ तास २५ मिनिटं बाकी

येडगावात वीज जाते. लॅपटॉपची बॅटरी आहे, राउटरची नाही.

वीज येते ११:२० ला, आणि तिच्याबरोबर शेतीची थ्री-फेजही. वडिलांना कांद्याला पाणी द्यायचंय. जुन्नर तालुक्यात रात्री रानात एकट्याने जायचे दिवस गेले. बिबट्या उसातून केव्हा बाहेर येईल सांगता येत नाही. मुलगा बॅटरी घेऊन बरोबर जातो. मोटर चालू करून, बारं फोडून दोघं परत येतात तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असतात.

शनिवार, रात्री १२:३५
३३ तास ५५ मिनिटं बाकी

पहिला प्रयत्न दोन ओळींतलं अंतर कमी करण्याचा. पान आखडतं, पण वरच्या ओळीची टिंबं खालच्या ओळीत घुसतात. उर्दूत टिंब सरकलं की अक्षर बदलतं. हे त्याला बाईंकडून कळलेलं आहे, म्हणून तो अंतर पूर्ववत करतो.

मग सूचनांच्या अक्षरांचा आकार एका पॉइंटने कमी. तरी दोन ओळी जास्त.

शाळांची नावं लांबलचक आहेत. तळाला सूचनांमध्ये नऊ केंद्रांची यादी क्रमांकासह आहेच, ०१ ते ०९, पुढे गावाचं नाव. म्हणून केंद्राच्या चौकटीतलं शाळेचं नाव तो काढतो. एक ओळ वाचली.

शनिवार, रात्री १:१०
३३ तास २० मिनिटं बाकी

आणखी एक ओळ हवी. शाळेचं नाव गेल्यावर केंद्राच्या ओळीतल्या दोन चौकटी उगाच जागा खातायत असं दिसतं. त्या तो मोडतो. ‘मरकज़’ आणि क्रमांक एका चौकटीत, शेजारी शेजारी. पान बसतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या बदलातून आलं.

उर्दूचा मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण त्यातला आकडा डावीकडून उजवीकडेच लिहितात. म्हणजे एका ओळीत दोन दिशा. कोणता तुकडा कुठे मांडायचा हे युनिकोडच्या नियमावलीत ठरवून दिलेलं आहे आणि ब्राउझर ती पाळतात. त्यातलं एक कलम असं आहे की आकड्याच्या आधी त्याच ओळीत अरबी लिपीतलं अक्षर येऊन गेलं असेल तर तो आकडा वेगळ्या वर्गात जातो. या वर्गात तारखेतली तिरकी रेघ दोन्हीकडच्या आकड्यांना एकत्र धरून ठेवते. वेळेतली दोन टिंबंही धरून ठेवतात. आडवी रेघ धरत नाही. तिच्या दोन बाजूंचे आकडे स्वतंत्र होतात आणि ओळीच्या दिशेने, म्हणजे उजवीकडून, मांडले जातात. ०२ उजवीकडे, ०५ डावीकडे. डावीकडून वाचणाऱ्याला दिसतं ०५-०२.

चौकटी वेगळ्या होत्या तोवर क्रमांकाच्या आधी कोणतंच अक्षर नव्हतं. चौकट म्हणजे नवी ओळ, नवा हिशोब. तिथे आडव्या रेघेने दोन्ही आकडे धरून ठेवले होते. चौकट मोडली आणि ‘मरकज़’चं शेवटचं अक्षर आकड्यांच्या शेजारी आलं.

याला बग म्हणता येत नाही. अरबी वाचणारा ‘२ ते ५’ अशी मर्यादा उजवीकडून वाचतो, नियम त्याच्या सोयीचा आहे. पण जुन्नर-मंचरच्या उर्दू शाळेतली मुलं गणित इंग्रजी आकड्यांत करतात आणि आकडे डावीकडून वाचतात. गंमत अशी की हॉलतिकिटावर आकडे देवनागरी असते तर ते उलटले नसते. युनिकोडच्या लेखी देवनागरी आकडा हा देवनागरी अक्षरासारखाच, डावीकडून उजवीकडे जाणारा पक्का गडी. मराठी हॉलतिकिटाचा साचा दोन वर्षं बिनबोभाट चालला तो ओळीत एकच दिशा होती म्हणून. तिथे आधी येणारं अक्षरही देवनागरीच होतं.

डेटाबेसमध्ये क्रमांक ०२-०५ असाच होता. शेवटपर्यंत तसाच राहिला.

शनिवार, रात्री १:२२
३३ तास ८ मिनिटं बाकी

उर्दूच्या मुलांची बैठकव्यवस्था अशी: केंद्र ०२ म्हणजे जुन्नर, तिथे खोली ०५ मध्ये २४ आणि खोली ०७ मध्ये १९. केंद्र ०५ म्हणजे मंचर, तिथे खोली ०२ मध्ये २२ आणि खोली ०५ मध्ये २२. एकूण ८७.

आकडे उलटले की ०२-०५ होतं मंचरची दुसरी खोली. ०२-०७ होतं केंद्र ०७, म्हणजे राजगुरुनगर. ०५-०२ होतं जुन्नर. उलटा झालेला प्रत्येक क्रमांक खऱ्या गावाचा, खऱ्या खोलीचा होता. एखादा १४-०३ असता तर केंद्र १४ नाहीच म्हणून कोणीतरी ओरडलं असतं.

तो नमुन्यासाठी एक फाईल उघडतो. यादीतली शेवटची, कारण शेवटची नीट असेल तर यादी पूर्ण झाली असं समजतात. यादी क्रमांकानुसार लावलेली आहे. शेवटच्या मुलीचा क्रमांक ०५-०५.

तारीख बरोबर. वेळ १०:३० बरोबर. अक्षरं जोडलेली. कंसही उजव्या-डाव्या अंगाने नीट वळलेले.

शनिवार, रात्री १:३१
३२ तास ५९ मिनिटं बाकी

लॉगमधली नोंद: तयार ८७, त्रुटी ०.

२६ मे २०१५ ला आयफोनमध्ये एक प्रकार उघडकीला आला होता. अरबी, देवनागरी आणि चिनी चिन्हं एका विशिष्ट क्रमाने असलेला मेसेज आला की सूचनेच्या पट्टीत तो कापून बसवताना फोन गडबडायचा आणि बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. जगभर बातम्या झाल्या. ॲपलने दुसऱ्याच दिवशी मान्य केलं आणि ३० जूनला आयओएस ८.४ मध्ये दुरुस्ती दिली. फोन बंद पडत होते म्हणून पाच आठवड्यांत काम झालं. येडगावच्या सर्व्हरवर त्या रात्री काहीच बंद पडलं नाही.

आणि पीडीएफ झाल्यावर दुरुस्तीची वाटही बंद होते. १९९३ साली ॲडोबीने हा प्रकार आणला तो याच हमीवर की पान कुठेही उघडा, कुठेही छापा, तसंच दिसेल. पानावर कोणती आकृती कोणत्या जागी, एवढं त्यात पक्कं होतं. दिशेचा विचार आधीच होऊन गेलेला असतो. ८७ पानांवर आकडे आता जिथे बसले तिथेच राहणार होते.

१:३६ ला तो लॅपटॉप मिटतो.

शनिवार, सकाळी ७:००
२७ तास ३० मिनिटं बाकी

पालकांच्या फोनवर लिंक जातात. १० वाजेपर्यंत ६१ जणांनी हॉलतिकीट उतरवून घेतलेलं असतं.

शनिवार, सकाळी ९:३०
२५ तास बाकी

एक विद्यार्थिनी हॉलतिकिटाचा फोटो बाईंना पाठवते. बाई नाव मोठं करून पाहतात. नून-गुन्ना जागेवर आहे. त्या अंगठा पाठवतात. फोटोत खाली केंद्राची ओळही आहे. मुलगी मंचरची, क्रमांक ०५-०५.

शनिवार, दुपारी १:५०
२० तास ४० मिनिटं बाकी

मदत क्रमांकावर जुन्नरहून एका वडिलांचा फोन.

“आम्ही जुन्नरचे. पोरीला मंचर कसं काय दिलं?”

फोनवर कॉलेजातला स्वयंसेवक आहे. तो क्रमांक विचारतो. वडील वाचतात, शून्य पाच, शून्य दोन. स्वयंसेवक यादी पाहतो.

“हो काका, शून्य पाच म्हणजे मंचरच. हॉलतिकिटावर असेल तेच केंद्र.”

वहीत नोंद होते, ‘जुन्नर. केंद्र बदलून हवे. नाही म्हणून सांगितले.’ संध्याकाळपर्यंत अशा ६ नोंदी होतात, सहाही उर्दू माध्यमाच्या. वहीत माध्यमाचा रकाना नव्हता. ‘केंद्र बदलून हवे’ अशी विनंती करणारे पालक दरवर्षी असतात.

शनिवार, संध्याकाळी ६:०५
१६ तास २५ मिनिटं बाकी

जुन्नरचे केंद्रप्रमुख खोल्यांच्या दारावर याद्या चिकटवतात आणि फोटो ग्रुपवर टाकतात. खोली ०५ ची यादी त्यात स्पष्ट दिसते. २४ नावं, मराठीत छापलेली, वर ०२-०५. ग्रुपमध्ये संस्थेचे सगळे आहेत, येडगावचा मुलगाही. खालचा मेसेज चहाचा, किती थर्मास लागतील.

यादी डेटाबेसमधून निघाली होती, हॉलतिकीट पीडीएफमधून. दोन्ही कागद एका वेळी एका माणसाच्या हातात आले ते थेट दुसऱ्या दिवशी.

शनिवार, रात्री ९:१५
१३ तास १५ मिनिटं बाकी

बाईंचा येडगावला मेसेज: ‘सर, आमच्या शाळेतल्या दोन मुलींचं केंद्र मंचर कसं? जुन्नर हवं ना?’ खाली दोघींचे बैठक क्रमांक.

तो लॅपटॉप उघडतो, बैठक क्रमांक टाकतो. पडद्यावर ०२-०५.

९:२१ ला उत्तर: ‘मॅडम, जुन्नरच आहे. सिस्टीममध्ये बघितलं. त्यांनी चुकीचं वाचलं असेल.’

९:२४: ‘ठीक आहे, सांगते त्यांना.’

दोघी मुलींना निरोप जातो, त्यामुळे त्या दोघी वाचतात. बाकीच्यांनी विचारलं नव्हतं.

मला या घटनाक्रमात सगळ्यात जास्त खटकते ती ही सहा मिनिटं. प्रश्न नेमका होता, विचारणारी व्यक्ती योग्य होती, उत्तर देणारा जागा होता आणि त्याचं उत्तर खरं होतं. पीडीएफ दोन क्लिकवर होती. पण ज्यातून पीडीएफ निघाली तेच मूळ त्याने पाहिलं, आणि मूळ पाहिल्यावर नक्कल पाहायची गरज कोणाला वाटते?

रविवार, सकाळी ७:४०
२ तास ५० मिनिटं बाकी

जुन्नरहून राजगुरुनगरला जाण्यासाठी पालकांनी मिळून दोन जीप ठरवल्या आहेत. मंचरच्या पालकांनी जुन्नरसाठी एक. बाकीचे एसटीने, मोटारसायकलने. नारायणगाव ते कळंबच्या दरम्यान कुठेतरी या गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

५ मुलं मात्र आपापल्या केंद्रावरच राहिली. त्यांच्या घरी क्रमांक उजवीकडून वाचला गेला होता. सूचनेत लिहिलं होतं, ‘पहिले दोन अंक केंद्र, पुढचे दोन खोली.’ पहिले म्हणजे कोणत्या बाजूचे, हे लिहिलेलं नव्हतं.

रविवार, सकाळी ९:४०
५० मिनिटं बाकी

मंचरच्या फाटकावर पहिली मुलगी अडते. यादीत नाव नाही. मग दुसरी. केंद्रप्रमुख त्यांना बाजूच्या कट्ट्यावर बसायला सांगतात, आधी यादीतल्यांना आत घेऊ म्हणतात. १० वाजेपर्यंत कट्ट्यावर २१ मुलं असतात.

खोली ०२ मध्ये २२ बाकं लावली आहेत. त्यावर २ मुलं बसली आहेत.

रविवार, सकाळी १०:०३
२७ मिनिटं बाकी

राजगुरुनगरच्या केंद्रावर जुन्नरची १७ मुलं. इथे खोली ०२ मध्ये मराठी माध्यमाच्या २४ मुलांची यादी लागलेली आहे आणि २४ ही मुलं आत बसली आहेत. उर्दूच्या प्रश्नपत्रिका या केंद्रावर आलेल्या नाहीत. येण्याचं कारणही नव्हतं. ४३ जुन्नरला गेल्या, ४४ मंचरला, दोन्ही पाकिटांत २-२ जास्तीच्या.

केंद्रप्रमुख मदत क्रमांक लावतात. व्यस्त.

रविवार, सकाळी १०:१२
१८ मिनिटं बाकी

स्वयंसेवकाचा येडगावला फोन.

“दादा, जुन्नरची पोरं राजगुरुनगरला कशी काय पोचली?”

१०:१४ ला तो डेटाबेस पाहतो. ०२-०७. फोन ठेवत नाही. १०:१६ ला पीडीएफ उघडतो. ०७-०२.

१०:१७ ला राजगुरुनगरला फोन. बंद. १०:१८ ला सचिवांना. बंद. १०:१९ ला मंचरला. बंद. परीक्षेत गैरप्रकार नकोत म्हणून सव्वादहाला केंद्रांवरचे सगळे फोन पेटीत ठेवायचे, असा नियम संस्थेने यंदाच केला होता.

१०:२१ ला तो मोटारसायकल काढतो. सचिव नारायणगावच्या केंद्रावर आहेत.

रविवार, सकाळी १०:३०

घंटा.

जुन्नरला मंचरची २० मुलं आली होती. तिथल्या केंद्रप्रमुखांनी रिकाम्या खोल्या पाहिल्या, हातातली हॉलतिकिटं पाहिली, कोणालाही न विचारता मुलांना बसवलं. नावं मागून लिहून घेऊ म्हणाले. त्यांच्याकडे प्रश्नपत्रिका पुरेशा होत्या. २० ही मुलांचा पेपर वेळेवर सुरू झाला.

मंचरला २१ मुलं बाहेर. यादीत नाव नसेल त्याला आत घ्यायचं नाही, असं केंद्रप्रमुखांच्या सूचनापत्रात छापलेलं होतं. त्यांनी ते पाळलं. खोली ०२ चे पर्यवेक्षक २० नावांपुढे ‘गैरहजर’ लिहितात.

राजगुरुनगरला १७ मुलं व्हरांड्यात.

१०:३९ ला येडगावचा मुलगा नारायणगावच्या केंद्रावर पोचतो. शिपाई फाटक उघडत नाही, नियमाप्रमाणे. सचिव बाहेर येतात १०:४५ ला. मंचरच्या शाळेच्या ऑफिसातला साधा फोन १०:५२ ला लागतो. १०:५८ ला २१ मुलं खोली ०२ मध्ये बसतात, २८ मिनिटं उशिरा. वेळ वाढवून द्यायची की नाही यावर सचिव आणि केंद्रप्रमुख चार मिनिटं बोलतात. २८ मिनिटं वाढवून मिळतात.

मंचरला आता ४५ मुलं आणि ४६ प्रश्नपत्रिका. उरली १. राजगुरुनगरला हव्यात १७. ११:०९ ला सचिव तिथल्या मुलांना घरी पाठवायला सांगतात.

दुपारी २:२५ ला साच्यात दुरुस्ती होते. क्रमांकाभोवती ‘बीडीआय’ नावाचा टॅग. आतल्या मजकुराची दिशा बाहेरच्यापासून तोडून ठेवणं एवढंच त्याचं काम. हेच काम करणारी दोन न दिसणारी चिन्हं युनिकोडमध्ये २०१३ पासून आहेत. लॉगप्रमाणे बदललेल्या ओळी १.

१७ मुलांची परीक्षा पुढच्या रविवारी जुन्नरला झाली, १५ जण आले. या वेळी हॉलतिकिटावर शाळेचं पूर्ण नाव होतं, आणि ते दोन पानांचं होतं.